फ्रेडरिक डग्लस : अमेरिकेला तिचाच शब्द आठवून देणारा माणूस



दरवर्षी ४ जुलैला अमेरिकेत मोठा उत्सव असतो. मिरवणुका निघतात, रात्री फटाके उडतात, घराघरावर झेंडे लागतात. १७७६ साली याच दिवशी तिथल्या १३ वसाहतींनी इंग्रजांची सत्ता झुगारून स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत आणि जगण्याचा, स्वातंत्र्याचा, सुख शोधण्याचा हक्क कोणालाही कोणाकडून काढून घेता येत नाही, असा त्या जाहीरनाम्याचा आशय आहे.

आता गंमत बघा. हा जाहीरनामा ज्यांनी लिहिला त्या थॉमस जेफर्सन यांच्याकडे आयुष्यभरात मिळून ६०० हून जास्त गुलाम होते. म्हणजे समतेचे शब्द लिहिणारा हातच गुलामांचा मालक होता!

मग ते शब्द खोटे होते का? आणि आजच्या अमेरिकन माणसाला त्या शब्दांचं काही वाटतं का, की ते फक्त ४ जुलैच्या भाषणापुरते उरलेत? या प्रश्नावर अमेरिकेत आजही वाद चालतो. वाद ऐकण्याआधी आपण एका माणसाचं आयुष्य वाचूया. जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी ज्याला माणसांच्या हिशेबातच धरलं नव्हतं, त्यानेच तो जाहीरनामा सगळ्यात जास्त मनावर घेतला. त्या माणसाचं नाव फ्रेडरिक डग्लस.

जन्म आणि बालपण

फ्रेडरिकचा जन्म फेब्रुवारी १८१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात टॅलबट परगण्यात झाला. त्याचं जन्मनाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. जन्माची नेमकी तारीख त्याला कधीच कळली नाही. गुलामाच्या मुलाचा वाढदिवस लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटत नसे. मालकाच्या वहीत गुरंढोरं, अवजारं आणि गुलाम यांची नोंद शेजारीशेजारीच असायची. पुढे मोठेपणी त्यांनी स्वतःच १४ फेब्रुवारी हा आपला वाढदिवस ठरवून टाकला.

आई हॅरिएट दुसऱ्या शेतावर राबायची, ते शेत सुमारे १२ मैल दूर होतं. दिवसभराचं काम उरकून ती रात्री चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन निजवायची आणि उजाडायच्या आत परत जायची. अशा भेटीसुद्धा चार-पाचच झाल्या. फ्रेडरिक साधारण सात वर्षांचा असताना ती वारली. वडील कोणीतरी गोरा माणूस होता एवढंच त्याच्या कानावर होतं. त्याला वाढवलं आजीने, बेट्सी बेलीने.

फ्रेडरिक सहा वर्षांचा झाला तेव्हा आजीने त्याला मालकाच्या मोठ्या मळ्यावर नेलं. तिला तसा हुकूमच होता. तिथे त्याला इतर मुलांत खेळायला सोडलं आणि ती गुपचूप निघून गेली. मळ्यावर मुलांना अंगात घालायला फक्त एक जाडाभरडा लांब सदरा मिळे, चड्डी नाही, बूट नाहीत. मक्याच्या पिठाची पेज लाकडी डोणीत ओतली जायची आणि मुलं शिंपल्यांनी किंवा हातांनी ती ओरपायची. जो भराभर खाईल त्याचं पोट भरे. थंडीच्या रात्री फ्रेडरिक धान्याच्या रिकाम्या पोत्यात डोकं खुपसून झोपायचा.

चोरून शिकलेली अक्षरं

१८२६ मध्ये त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवलं. घरातल्या लहान मुलाला सांभाळायचं, हे त्याचं काम. घरधनीण सोफिया ऑल्ड यांनी आधी कधी गुलाम ठेवलेला नव्हता. त्यांनी या मुलाला मायेने अक्षरं शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याला हे कळताच त्याने तिथल्या तिथे थांबवलं. गुलामाला वाचायला शिकवलं तर तो गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं त्याने बायकोला समजावलं.

हे बोलणं त्या छोट्या मुलाने ऐकलं आणि मनात नीट साठवून ठेवलं. ज्या गोष्टीची मालकाला एवढी भीती वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. शिक्षणाचं महत्त्व सांगणारे किती निबंध आपण वाचतो, पण इथे ते महत्त्व शिक्षण नाकारणाऱ्या माणसाच्या तोंडून कळलं होतं.

मग त्याने काय केलं? खिशात भाकरीचे तुकडे घेऊन तो रस्त्यावर जायचा. गल्लीतली गोरी मुलं गरीब होती, उपाशी असायची. त्यांना भाकरी द्यायची आणि बदल्यात एखादा शब्द शिकून घ्यायचा, असा सौदा. गोदीत सुतार लाकडांवर ती जहाजाच्या कुठल्या बाजूला बसवायची त्याची अक्षरं खडूने लिहीत. ती बघून त्याने चार अक्षरं गिरवली. मग दुसऱ्या मुलांशी पैज लावायची, माझ्यापेक्षा चांगलं लिहून दाखव! ती मुलं लिहून दाखवत आणि त्याला आणखी अक्षरं मिळत. भिंत आणि फरसबंदी हीच त्याची पाटी. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत रिकाम्या जागी तो तसंच्या तसं उतरवून काढायचा.

साधारण बाराव्या वर्षी साठवलेल्या ५० सेंटमध्ये त्याने 'द कोलंबियन ओरेटर' नावाचं भाषणांचं शालेय पुस्तक विकत घेतलं. त्यात स्वातंत्र्यावरची भाषणं होती, मालक आणि गुलाम यांचा एक संवादही होता. त्या संवादात गुलाम मालकाला वादात हरवतो आणि मालक त्याला मुक्त करतो. स्वातंत्र्य हा शब्द या मुलाला तिथे भेटला. पण वाचता आल्याने दुःखही वाढलं. आधी नुसता त्रास होता, आता तो त्रास अन्याय आहे हेही कळू लागलं.

कोवीच्या शेतावर

पंधराव्या वर्षी त्याला पुन्हा खेड्यात, थॉमस ऑल्ड या मालकाकडे पाठवलं. त्याने तिथे रविवारी इतर गुलामांना वाचायला शिकवायचा प्रयत्न केला. गावातल्या गोऱ्यांनी काठ्या घेऊन येऊन तो वर्ग उधळला. हा पोरगा डोईजड होतोय असं वाटून मालकाने १८३४ मध्ये त्याला एडवर्ड कोवी नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी भाड्याने दिलं. बंडखोर गुलामांना सरळ करण्यात कोवीचा हातखंडा होता. पहिले सहा महिने जवळजवळ दर आठवड्याला चाबकाचे फटके बसले. फ्रेडरिक खचला, वाचनाची इच्छाही मेली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कोवी त्याला बांधायला आला आणि सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने त्याचा गळा पकडला. सुमारे दोन तास झटापट चालली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. कोवी जिंकू शकला नाही. त्यानंतर उरलेल्या महिन्यांत कोवीने त्याच्या अंगाला बोट लावलं नाही. सरकारकडे तक्रारही केली नाही, कारण एका पोराने हरवलं हे बाहेर कळलं असतं तर त्याची पतच गेली असती.

सुटका

१८३६ मध्ये पळून जायचा एक बेत फसला, तुरुंगही झाला. मग त्याला परत बाल्टिमोरला पाठवलं. तिथे तो जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम शिकला. मजुरी चांगली मिळायची, पण शनिवारी सगळे पैसे ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवावे लागत. घाम याचा, पैसा त्याचा.

याच शहरात त्याची ॲना मरे हिच्याशी ओळख झाली. ॲना जन्माने स्वतंत्र होती, घरकाम करून पोट भरायची. तिने साठवलेले पैसे दिले, खलाशाचे कपडे जमवून दिले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक खलाशाच्या वेशात आगगाडीत चढला. जवळ एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रं होती, पण त्यातलं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं! गाडीतल्या कंडक्टरने कागद वरवर पाहिला आणि पुढे गेला. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. आठवडाभरात ॲना तिथे आली आणि १५ सप्टेंबरला त्यांचं लग्न झालं.

दोघं न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी स्थायिक झाले. ओळख लपवायला त्यांनी आडनाव बदलून डग्लस केलं. राज्य स्वतंत्र, पण तिथेही गोरे कामगार त्यांच्या शेजारी बसून काम करायला तयार नव्हते. हातात कसब असूनही डग्लस यांनी लाकडं फोडली, कोळसा वाहिला, ओझी उचलली. गुलामगिरी नाही म्हणजे समता आली असं नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

व्यासपीठावर

न्यू बेडफर्डमध्ये ते विल्यम लॉईड गॅरिसन यांचं 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक वाचू लागले. ऑगस्ट १८४१ मध्ये नॅन्टकेट बेटावरच्या सभेत त्यांना बोलायला उभं केलं. सुरुवातीला पाय लटपटले. पण त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली आणि सभा हलून गेली. लगेच त्यांना फिरता वक्ता म्हणून नेमलं गेलं.

थोड्याच काळात एक वेगळीच अडचण आली. हा माणूस इतकं सुंदर बोलतो, हा गुलाम होता यावर लोकांचा विश्वासच बसेना! म्हणून १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्यात मालकांची नावं, गावांची नावं, सगळं उघड लिहिलं. पुस्तक खूप खपलं. पण आता मालकाला पत्ता लागला होता आणि कायद्याने ते अजून गुलामच होते. ते आयर्लंड आणि ब्रिटनला गेले, जवळजवळ दोन वर्षं तिथे व्याख्यानं दिली. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १५० पौंडांना त्यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. विचार करा, सगळी माणसं समान असं जाहीर करणाऱ्या देशातल्या माणसाचं स्वातंत्र्य परक्या देशातल्या वर्गणीतून विकत घ्यावं लागलं.

१८४७ मध्ये ते परतले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात त्यांनी 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचं वृत्तपत्र सुरू केलं. पळून येणारे गुलाम रात्री त्यांच्या घरी यायचे. त्यांना जेवू घालणं, झोपायला जागा करणं हे ॲना बघायच्या. नंतर त्या लोकांना कॅनडाकडे पुढे पाठवलं जाई. ॲनाबाईंना स्वतःला फारसं लिहितावाचता येत नव्हतं, पण या कामाचा निम्मा भार त्यांच्या खांद्यावर होता हे विसरून चालणार नाही.

त्यांची मुलगी रोझेटा हिला एका खासगी मुलींच्या शाळेत घातलं, तेव्हा तिला इतर मुलींपासून वेगळ्या खोलीत बसवलं गेलं. डग्लस गप्प बसले नाहीत. त्यांनी वृत्तपत्रातून झोड उठवली आणि शहरातल्या सरकारी शाळा सर्व मुलांना एकत्र शिकवू लागेपर्यंत पाठपुरावा केला. १८५७ मध्ये ते घडलं.

१८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. तिथे स्त्रियांना मताचा हक्क मागणारा ठराव मंजूर होईल की नाही अशी शंका होती. डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूने बोलले आणि ठराव पास झाला.

राज्यघटना जाळायची की नीट वाचायची?

मित्रांनो, हा भाग जरा लक्ष देऊन वाचा. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

गॅरिसन यांचं म्हणणं असं होतं की अमेरिकेची राज्यघटनाच गुलामगिरीच्या बाजूची आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. १७८७ च्या त्या घटनेत, राज्यांचे प्रतिनिधी किती हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची असं होतं. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा असं होतं. परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असंही होतं. म्हणून गॅरिसन म्हणत की अशा घटनेशी संबंधच नको, मतदान नको, राजकारण नको. १८५४ मध्ये ४ जुलैच्या सभेत त्यांनी घटनेची प्रतच जाळली.

डग्लस यांनाही आधी तेच पटायचं. पण पुढे त्यांनी घटना स्वतः पुन्हा पुन्हा वाचली, कायद्याची पुस्तकं वाचली, आणि १८५१ मध्ये जाहीरपणे मत बदललं. त्यांचा मुद्दा साधा होता. त्या मूळ घटनेत गुलाम हा शब्द कुठेच नाही. लिहिणाऱ्यांना तो लिहायची लाज वाटली होती. उलट प्रास्ताविकात न्याय आणि स्वातंत्र्य हे उद्देश ठळकपणे लिहिलेत. मग लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते का शोधायचं? कागदावर जे लिहिलंय ते खरं माना आणि सगळ्यांना लागू करा. तसं केलं तर गुलामगिरीला घटनेत जागाच उरत नाही.

या मतामुळे गॅरिसन यांच्याशी असलेली त्यांची मैत्री तुटली. ज्या माणसाने बोट धरून व्यासपीठावर आणलं, त्याच्याशी फारकत घेणं सोपं नसतं. पण डग्लस यांनी ओळखलं होतं की उंच शब्द फेकून दिले तर मागायचं कशाच्या आधारावर?

५ जुलै १८५२ चं भाषण

१८५२ मध्ये रॉचेस्टरच्या महिलांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्यांना स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं. डग्लस ४ ला नाही, ५ जुलैला बोलले. न्यूयॉर्क राज्यात १८२७ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हापासून तिथले बरेच कृष्णवर्णीय लोक ४ ऐवजी ५ जुलैलाच आनंद साजरा करत.

कोरिंथियन हॉलमध्ये सुमारे ५०० ते ६०० लोक होते. भाषणाची सुरुवात ऐकून श्रोते खूश झाले असतील. देश उभारणाऱ्या पूर्वजांचं त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केलं. इंग्रजांविरुद्ध उभं राहणं तेव्हा जिवावरचं काम होतं आणि ती माणसं शूर होती, हे त्यांनी मान्य केलं. पण बारकाईने ऐकणाऱ्याला एक गोष्ट जाणवली असेल. डग्लस आपले पूर्वज म्हणत नव्हते, तुमचे पूर्वज म्हणत होते. आपला स्वातंत्र्यदिन नाही, तुमचा स्वातंत्र्यदिन.

मग त्यांनी रोख बदलला. गुलामाला या दिवसाचं काय, असा सवाल त्यांनी केला. ज्याच्या पाठीवर चाबकाचे वळ आहेत त्याला हे फटाके आणि घंटानाद कसे ऐकू येत असतील? गुलाम हा माणूस आहे हे मी तुम्हाला पटवून द्यायचं का, असंही त्यांनी विचारलं. तो शेत नांगरतो, घरं बांधतो, हिशेब ठेवतो, लेकरं वाढवतो. त्याला गुन्ह्याची शिक्षाही माणूस म्हणूनच होते. बाल्टिमोरच्या रस्त्यावरून रात्री साखळ्यांनी बांधलेले गुलाम बंदराकडे नेले जायचे, तो आवाज लहानपणी आपण ऐकला हेही त्यांनी सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी, १८५० मध्ये, पळालेल्या गुलामांना उत्तरेतूनही पकडून नेण्याचा कडक कायदा झाला होता. त्यावर आणि त्याबद्दल मूग गिळून बसलेल्या धर्मगुरूंवर त्यांनी कडक टीका केली.

इतकं सगळं बोलून शेवटी मात्र ते निराश झाले नाहीत. हा देश अजून ७६ वर्षांचा आहे, म्हणजे कोवळा आहे, सुधारू शकतो, असं ते म्हणाले. जाहीरनाम्यातली तत्त्वं हीच आपली आशा आहे, असं सांगून त्यांनी समारोप केला.

बघा, त्यांनी देशाची खोटी स्तुती केली नाही आणि देशाला शिव्या घालून पाठही फिरवली नाही. तुम्हीच लिहिलेला शब्द पाळा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

युद्ध आणि घटनेतले बदल

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तेव्हा देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. हे युद्ध गुलामगिरी संपवण्यासाठीच लढा आणि आमच्या माणसांना सैन्यात घ्या, असा धोशा डग्लस यांनी लावला. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला. सैन्याची दारं उघडली. डग्लस गावोगाव फिरून तरुणांची भरती करू लागले. त्यांची स्वतःची दोन मुलं, लुईस आणि चार्ल्स, भरती झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले.

पण इथेही भेदभाव! गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून घ्यायचे. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस थेट लिंकन यांना भेटायला गेले आणि तोंडावर तक्रार केली. समान पगाराचा कायदा पुढच्या वर्षी झाला.

युद्धानंतर घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या १३व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ च्या १४व्या दुरुस्तीने देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्यापुढे समान संरक्षण मिळालं. १८७० च्या १५व्या दुरुस्तीने वंशावरून मताचा हक्क नाकारायला बंदी घातली. डग्लस ज्या अर्थाने घटना वाचत होते, तो अर्थ आता घटनेतच लिहिला गेला.

१५व्या दुरुस्तीत स्त्रिया मात्र नव्हत्या. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे जीव जात आहेत, म्हणून आधी त्यांना मत मिळू द्या, अशी भूमिका डग्लस यांनी घेतली. एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टन आणि सुसान अँथनी या जुन्या सहकारी त्यामुळे दुखावल्या. समतेची मागणी करणाऱ्यांमध्येही आधी कोण, हा पेच पडतो. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं.

मिळालेलं निसटताना

पुढे डग्लस वॉशिंग्टनला राहायला गेले. त्यांना सरकारात मोठी पदं मिळाली. १८८९ ते १८९१ या काळात ते हैती देशात अमेरिकेचे राजदूत होते. एकेकाळी पोत्यात झोपणारा मुलगा आता टेकडीवरच्या सीडर हिल या घरात पुस्तकांच्या सहवासात राहत होता. ॲनाबाई १८८२ मध्ये गेल्या. १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली.

पण स्वतःचं बरं झालं म्हणून ते शांत बसले नाहीत. कारण बाहेर चित्र बिघडत होतं. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला बंदी घालणारा कायदा रद्द केला. १८९० मध्ये मिसिसिपी राज्याने मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा आणली, हेतू हा की कृष्णवर्णीयांनी मत देऊच नये. जमावाने माणसं पकडून फासावर लटकवायच्या घटना वाढल्या. तरुण पत्रकार आयडा वेल्स यांनी याविरुद्ध लिहायला घेतलं तेव्हा सत्तरी ओलांडलेले डग्लस त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी ते दिवसा स्त्रियांच्या हक्कांच्या सभेला गेले होते. संध्याकाळी घरी आले आणि हृदय बंद पडून गेले. शेवटचा दिवससुद्धा दुसऱ्यांच्या समतेसाठीच खर्ची पडला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणं कायदेशीर ठरवलं.

मग आज त्या शब्दांची किंमत काय?

डग्लस गेले, पण त्यांची रीत मागे राहिली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवला. आधार कोणता? तीच १४वी दुरुस्ती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा लोकांच्या चळवळीने मिळवला. चळवळीतली माणसं काही नवीन मागत नव्हती, देशाने आधीच लिहिलेलं मागत होती. २०१३ मध्ये न्यायालयाच्या एका निकालाने मतदान हक्क कायद्याचा एक महत्त्वाचा भाग निकामी झाला. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर तर आताही अमेरिकेत भांडण चालू आहे. आणि २०२१ पासून गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून १९ जून ही राष्ट्रीय सुट्टी झाली. म्हणजे कधी एक पाऊल पुढे, कधी मागे.

आजही काही अमेरिकन म्हणतात की ते शब्द म्हणजे गुलामांच्या मालकांचं ढोंग होतं. काही म्हणतात की सगळं केव्हाच मिळालंय, आता कसली तक्रार? डग्लस यांचं आयुष्य या दोन्ही बाजूंना उत्तर देतं. शब्द लिहिणाऱ्याची वागणूक खोटी असली तरी शब्द खोटा ठरत नाही. आणि शब्द लिहिला म्हणजे पाळला गेला असंही होत नाही. कोणीतरी उभं राहून त्याचा हिशेब मागावा लागतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात दर उन्हाळ्यात गावोगावी लोक चौकात जमून १८५२ चं ते भाषण एकेक परिच्छेद वाटून घेऊन मोठ्याने वाचतात. ज्यांना शब्दांचं काही वाटत नाही, ते असं कशाला करतील? माझ्या मते तरी उत्तर हेच आहे. जोवर कोणी हिशेब मागतंय, तोवर ती तत्त्वं जिवंत आहेत. मागणारा संपला की उरतात ते नुसते फटाके.

आपल्या मातीशी नातं

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत डग्लस यांचं नाव नाही, पण ज्या लढ्याला जोतीरावांनी पुण्यातून नमस्कार केला, त्या लढ्यात डग्लस पहिल्या रांगेत होते. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही स्वातंत्र्य आणि समता हे शब्द आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच ती छापलेली असते. पुढच्या वेळी पान उलटण्याआधी ती एकदा सावकाश वाचा.

थोडक्यात जीवनपट

- १८१८ : मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्म
- १८२६ : बाल्टिमोरला रवानगी, अक्षरओळख
- १८३८ : गुलामीतून पलायन, ॲना मरे यांच्याशी विवाह
- १८४५ : आत्मचरित्र प्रसिद्ध
- १८४७ : 'नॉर्थ स्टार' वृत्तपत्र सुरू
- १८५२ : रॉचेस्टरचं प्रसिद्ध भाषण
- १८६३ : सैन्यभरतीचं काम, लिंकन यांची भेट
- १८८९ : हैतीमध्ये राजदूत
- १८९५ : वॉशिंग्टन इथे निधन

विचार करा आणि लिहा

१. ह्यू ऑल्ड यांनी फ्रेडरिकचं शिक्षण का थांबवलं? त्यातून फ्रेडरिक काय शिकला?
२. भाषणात आपले न म्हणता तुमचे पूर्वज म्हणण्यामागे डग्लस यांचा हेतू काय असेल?
३. घटना जाळणारे गॅरिसन आणि घटना नव्याने वाचणारे डग्लस, तुम्हाला कोणाचं पटतं? कारणांसह लिहा.
४. तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेला एखादा सुविचार निवडा. तो प्रत्यक्षात किती पाळला जातो? पाळला जावा म्हणून तुम्ही काय कराल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून झालं की वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. डग्लस यांनी तेच केलं होतं.